मुंबई ते न्यूयॉर्क: विमानाचं अंतर आणि प्रवासाचे तास स्वतः कसे काढायचे

तिकिटावर छापलेलं असतं: मुंबईहून निघणार रात्री १:३०, न्यूयॉर्कला पोहोचणार सकाळी ७:००, तारीख तीच. पहिल्यांदाच मुलाकडे निघालेले आईबाबा बोटांवर मोजतात आणि साडेपाच तासांत अमेरिका कशी येईल म्हणून चक्रावतात. मग पुतण्या सांगतो सोळा तास, एखादी वेबसाइट सांगते साडेचौदा, दुसरी तेरा तास पंचावन्न मिनिटं. अंतराचीही तीच तऱ्हा. कुठे साडेबारा हजार किलोमीटर, कुठे चौदा हजार.

गंमत अशी की यातला जवळजवळ प्रत्येक आकडा कुठल्या ना कुठल्या अर्थाने बरोबर असतो. एक आकडा पृथ्वीच्या गोलावरचा, एक नकाशावरचा, एक वारा सोडून काढलेला, एक परतीचा. कुठला आकडा कशाचा, हे कळायला सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे एकदा स्वतः हिशेब करून पाहणं. दहावीचं गणित पुरतं, कॅल्क्युलेटर हवा, आणि क्रम सोडायचा नाही: आधी अंतर, मग तास, आणि घड्याळ सगळ्यात शेवटी. बहुतेकांचा गोंधळ उडतो तो घड्याळापासून सुरुवात केल्यामुळे.

उदाहरण मुंबई–न्यूयॉर्कचंच घेऊ. रीत कळली की पुणे–दुबई असो वा बेंगळुरू–सॅन फ्रान्सिस्को, नुसते आकडे बदलायचे.

आधी विमानतळ नक्की करा

‘मुंबई’ हा पुरेसा पत्ता राहिलेला नाही. सहार-सांताक्रूझच्या जुन्या विमानतळाचा कोड बीओएम. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमानं उडू लागली. त्याचा कोड एनएमआय. गोव्यातही तेच. दाबोळी म्हणजे जीओआय, मोपा म्हणजे जीओएक्स, आणि मडगावच्या माणसाला या दोन्हींतला फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. न्यूयॉर्कच्या बाजूला जेएफके आणि नेवार्क. हवेतून पाहिलं तर या जोड्यांतले विमानतळ एकमेकांपासून पंधरा ते पंचवीस मैलांवर आहेत, त्यामुळे बारा हजार किलोमीटरच्या हिशेबात त्या फरकाला अर्थ नाही. पण जमिनीवर तुमची आणि घ्यायला आलेल्या माणसाची चुकामूक करायला तेवढा पुरतो. म्हणून शहराचं नाव नको, तिकिटावरचा तीन अक्षरी कोड घ्या.

आता त्या विमानतळाचे अक्षांश-रेखांश हवेत. गूगल मॅप्सवर विमानतळ शोधा, धावपट्टीच्या मधोमध बोट दाबून धरा (संगणकावर असाल तर उजवं क्लिक), दशांशातले दोन आकडे मिळतील. आपले चार आकडे असे:

मुंबई (बीओएम): अक्षांश १९.०८८७ उत्तर, रेखांश ७२.८६७९ पूर्व
न्यूयॉर्क (जेएफके): अक्षांश ४०.६३९८ उत्तर, रेखांश ७३.७७८९ पश्चिम

इथे दोन खड्डे आहेत. पहिला, अंश-मिनिटांचा. एखाद्या पुस्तकात मुंबई विमानतळ १९ अंश ५ मिनिटं असं दिलं असेल तर ते १९.०५ नाही. एका अंशात साठ मिनिटं, म्हणून पाचाला साठाने भागा: १९.०८.

दुसरा खड्डा मोठा. पूर्व रेखांश अधिक धरायचा, पश्चिम रेखांश उणे. म्हणजे न्यूयॉर्कचा रेखांश उणे ७३.७७८९. हे उणे चिन्ह राहून गेलं तर दोन्ही रेखांश जवळजवळ सारखे होतात आणि मुंबई–न्यूयॉर्क अंतर येतं अवघं २,४०० किलोमीटर. कारण तेव्हा तुम्ही न्यूयॉर्क उचलून किर्गिझस्तानात, ओश शहराच्या शेजारी ठेवलेलं असतं. उत्तर असं काहीबाही आलं तर आधी चिन्हं तपासा.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवू नका

शाळेच्या भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडलं तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर ओलांडून जाते. सरळ दिसते, पण ती जवळची वाट नाही. मर्केटर पद्धतीच्या नकाशावरची ही ‘सरळ’ रेघ पृथ्वीवर मोजली तर साधारण १४,२०० किलोमीटर भरते. खरं कमीत कमी अंतर त्याहून तब्बल सोळाशे-सतराशे किलोमीटरने कमी आहे.

घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर त्यावर दोरा ताणून पाहा. मुंबईवर एक टोक, न्यूयॉर्कवर दुसरं, आणि दोरा घट्ट ओढा. तो आपोआप उत्तरेकडे सरकतो. गणिताने ही वाट काढली तर ती मुंबईहून जवळजवळ वायव्य-उत्तर दिशेला निघते, मॉस्कोच्या अगदी जवळून जाते, नॉर्वेत ट्रॉन्डहाइमच्या आसपास समुद्रावर येते, आइसलँड ओलांडते, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला चाटून लॅब्राडोरवरून खाली न्यूयॉर्कला उतरते. सगळ्यात उत्तरेचा बिंदू ६४.७ अंशांवर, आइसलँडच्या थोडा अलीकडे. विमानातल्या पडद्यावर आपलं विमान ‘वरून वळसा घेऊन’ चाललेलं दिसतं ते यामुळे. वळसा नकाशाचा असतो. विमान आपलं सरळ चाललेलं असतं.

गोलावरच्या या जवळच्या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात: पृथ्वीचा मध्य केंद्र धरून काढलेलं वर्तुळ. विषुववृत्त हे त्याचं ओळखीचं उदाहरण.

आकडेमोड

दोन विमानतळ आणि पृथ्वीचा मध्य यांच्यात जो कोन होतो, तो काढायचा. एकदा कोन मिळाला की अंतर म्हणजे एक गुणाकार. सूत्र असं:

कोनाचा कोसाइन = (साइन अ१ × साइन अ२) + (कोसाइन अ१ × कोसाइन अ२ × कोसाइन र)

अ१ आणि अ२ म्हणजे दोन अक्षांश, र म्हणजे रेखांशांमधला फरक. आता आकडे घालू.

रेखांशांतला फरक: ७२.८६७९ − (−७३.७७८९) = १४६.६४६८ अंश.

साइन १९.०८८७ = ०.३२७०
साइन ४०.६३९८ = ०.६५१३
दोघांचा गुणाकार = ०.२१३०

कोसाइन १९.०८८७ = ०.९४५०
कोसाइन ४०.६३९८ = ०.७५८८
कोसाइन १४६.६४६८ = −०.८३५३
तिघांचा गुणाकार = −०.५९९०

बेरीज: ०.२१३० − ०.५९९० = −०.३८६०

ज्या कोनाचा कोसाइन −०.३८६० आहे तो कोन: ११२.७ अंश.

बृहद्वृत्तावर एक अंश म्हणजे १११.१९५ किलोमीटर (पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून). ११२.७ × १११.१९५ = साधारण १२,५३० किलोमीटर. झालं.

वैमानिकांच्या भाषेत हवं असेल तर कोनाला थेट साठाने गुणा: ११२.७ × ६० = ६,७६२ सागरी मैल. सागरी मैल मुळात अक्षांशाच्या एका मिनिटाइतका, म्हणून हे इतकं सोपं जमतं. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. आपण रस्त्यावर म्हणतो तो मैल १.६०९ किलोमीटरचा. अमेरिकी वेबसाइटवर नुसतं ‘मैल’ लिहिलेलं असतं तेव्हा यातला कुठला ते पाहून घ्या, नाहीतर पंधरा टक्क्यांचा घोळ होतो.

एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये करणार असाल तर तिथली साइन-कोसाइनची फंक्शनं अंश समजत नाहीत, रेडियन मागतात. प्रत्येक कोन आधी रेडियन्सच्या फंक्शनमधून काढा. शेवटचा कोनही रेडियनमध्येच मिळतो, त्याला १११.१९५ ने नाही तर ६,३७१ ने गुणायचं. आपल्या उदाहरणात १.९६७ × ६,३७१, उत्तर तेच. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरमध्येही अंश की रेडियन हे बटण एकदा पाहून घ्या.

पृथ्वी काही नेमका गोल नाही. विषुववृत्तापाशी त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवापाशी ६,३५७. काही वेबसाइट हा चपटेपणा हिशेबात घेतात, म्हणून त्यांचं उत्तर आपल्यापेक्षा थोडं वेगळं येतं. हा फरक अर्ध्या टक्क्याच्या आतला असतो. त्यावरून वाद घालत बसू नये. विमान तुमच्या दशांशांवरून उडत नाही.

उत्तर भलतंच तर आलं नाही ना, हे तपासायला एक मर्यादा लक्षात ठेवा. पृथ्वीवर कुठल्याही दोन ठिकाणांमधलं जवळचं अंतर २०,०१५ किलोमीटरपेक्षा जास्त असूच शकत नाही, कारण तो पृथ्वीचा अर्धा घेर. आणि नियमित प्रवासी सेवांमध्ये सिंगापूर–न्यूयॉर्क ही न थांबता केलेली फेरी १५,३४९ किलोमीटरची आहे. त्यापुढचं अंतर आलं तर वाटेत थांबा असणार हे धरूनच चाला.

आकाशातही रस्ते बंद असतात

१२,५३० किलोमीटर ही गणिताची वाट. प्रत्यक्षात ती कुणी तशीच उडत नाही. उड्डाणाचे ठरलेले मार्ग असतात, अटलांटिकवर रोज वाऱ्याप्रमाणे आखलेल्या मार्गिका असतात, वादळं टाळावी लागतात, उतरताना रांग असते. पण या सगळ्याहून मोठी गोष्ट म्हणजे कुणाचं आकाश कुणाला बंद आहे.

आपली गणिती वाट पाकिस्तानवरून आणि रशियावरून जाते. २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चपासून युरोप आणि अमेरिकेच्या कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं. भारतीय कंपन्यांना तशी बंदी झाली नाही. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि ती बंदी महिन्या-महिन्याने वाढत गेली. म्हणजे त्याच दोन विमानतळांमध्ये एअर इंडियाचं विमान एका वाटेने जाणार आणि अमेरिकी कंपनीचं दुसऱ्या. फिनएअरचं हेलसिंकी–टोकियो विमान रशियावरून नऊ-साडेनऊ तासांत पोहोचायचं; रशिया बंद झाल्यावर ते उत्तर ध्रुवावरून जाऊ लागलं आणि वेळ तेरा तासांच्या घरात गेला. विमानतळ तेच, विमान तेच, साडेतीन तास जास्त.

मुंबईला मात्र भूगोल थोडा साथ देतो. वाटेत दुबईचा बिंदू धरून दोन तुकड्यांत अंतर काढा: मुंबई–दुबई १,९२५ किलोमीटर, दुबई–न्यूयॉर्क ११,०००. बेरीज १२,९२५. म्हणजे पाकिस्तान टाळून समुद्रावरून आखाताकडे वळलं तरी जेमतेम चारशे किलोमीटर वाढतात. दिल्लीचं तसं नाही. तिथून सरहद्द जवळ, त्यामुळे विमानाला आधी दक्षिणेला राजस्थान-गुजरातवरून समुद्रापर्यंत यावं लागतं आणि मग पश्चिमेला वळावं लागतं. त्या काळात एअर इंडियाच्या दिल्ली–अमेरिका विमानांपैकी काहींना इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावं लागलं ते याच कारणाने.

मग हिशेबात धरायचं किती? माझा अंगठेहिशेब असा: मार्ग मोकळा असेल तर गणिती अंतराच्या ३ टक्के जास्त, मधे एखादं आकाश बंद असेल तर ५, आणि वळसा उघडच मोठा असेल तर वर दुबईचं केलं तसं मधला बिंदू धरून तुकड्या-तुकड्यांनी अंतर काढायचं. मुंबई–न्यूयॉर्कला ५ टक्के धरू: साधारण १३,१६० किलोमीटर.

अंतरावरून तास

लांब पल्ल्याची विमानं, म्हणजे बोइंग ७७७ किंवा ७८७ यांच्यासारखी, ध्वनीच्या वेगाच्या ०.८४–०.८५ पट वेगाने उडतात. अकरा किलोमीटर उंचीवर तापमान शून्याखाली ५६ अंशांच्या आसपास असतं आणि त्या थंड हवेत ध्वनीचा वेग ताशी १,०६२ किलोमीटर इतकाच उरतो. त्याचे ०.८५ पट म्हणजे ताशी ९०० किलोमीटर. हा वेग हवेच्या तुलनेत. आणि ती हवाच वाहत असते.

विमान उडतं त्याच उंचीवर, मध्य अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट वारे असतात. हिवाळ्यात ते जोरात असतात, उन्हाळ्यात मंदावतात आणि उत्तरेला सरकतात. अमेरिकेला जाताना हा वारा तोंडावर, येताना पाठीशी. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं न्यूयॉर्क–लंडन विमान वादळी वाऱ्याच्या जोरावर ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं होतं; एरवी त्याला सहा-साडेसहा तास लागतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर एक प्रश्न नेहमी फिरतो: पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाखाली न्यूयॉर्क स्वतःहून का येत नाही? कारण विमान, हवा आणि जमीन सगळे एकत्रच फिरत असतात. जाण्या-येण्यातला फरक पडतो तो वाऱ्यामुळे.

संपूर्ण वाटेवर वारा एकसारखा नसतो. काही तुकड्यांत जोरदार, काही ठिकाणी आडवा, काही ठिकाणी नगण्य. म्हणून वर्षभराच्या सरसकट हिशेबाला मी ताशी ५० किलोमीटर धरतो, हिवाळ्यात थोडा जास्त, जून-जुलैत थोडा कमी.

जाताना: वेग ९०० − ५० = ८५०. वेळ १३,१६० ÷ ८५० = १५.४८ तास.
येताना: वेग ९०० + ५० = ९५०. वेळ १३,१६० ÷ ९५० = १३.८५ तास.

इथे कॅल्क्युलेटर हातात घेऊन बसलेला शहाणासुद्धा घसरतो. १५.४८ तास म्हणजे १५ तास ४८ मिनिटं नव्हेत. दशांशानंतरचा भाग साठाने गुणा: ०.४८ × ६० = २९. म्हणजे १५ तास २९ मिनिटं. आणि १३.८५ तास म्हणजे १३ तास ५१ मिनिटं.

हा वेळ पूर्ण वेगाने उडण्याचा. वर चढताना आणि खाली येताना विमान इतक्या वेगात नसतं, त्यासाठी २० मिनिटं वाढवा. शिवाय वेळापत्रकात छापतात तो ‘ब्लॉक टाइम’: गेटवरून विमान मागे ढकललं त्या क्षणापासून दुसऱ्या टोकाच्या गेटला लागेपर्यंत. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते आणि विमानांची रांग लागते. जेएफकेला उतरल्यावर गेट मिळेपर्यंत कधीकधी डुलकी होऊ शकते. दोन्ही टोकांची मिळून तीस मिनिटं धरा.

जाताना १५:२९ + ०:५० = १६ तास १९ मिनिटं. येताना १३:५१ + ०:५० = १४ तास ४१ मिनिटं.

सरळ सेवेचा छापील वेळ जाताना सोळा तासांच्या आगेमागे असतो, म्हणजे आपला हिशेब जागेवर आहे. जी वेबसाइट मुंबई–न्यूयॉर्क १३ तास ५५ मिनिटं सांगते, ती १२,५३० ला ९०० ने भागून मोकळी झालेली असते. वारा नाही, वळसा नाही, रांग नाही. अशा वेबसाइटवरचं अंतर घ्या, तास सोडून द्या.

कमी अंतर म्हणजे कमी वेळ, हेही दर वेळी खरं नसतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पूर्वेकडून, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. त्या वाटेने साधारण १५,३०० किलोमीटर पडले, जुन्या वाटेपेक्षा हजाराहून जास्त. तरी विमान साडेचौदा तासांत पोहोचलं, आधीपेक्षा लवकर. सगळी वाट वारा पाठीशी होता.

आता घड्याळ

तास हातात आले की मगच घड्याळाकडे वळा. भारताचं घड्याळ जागतिक वेळेच्या (यूटीसी) साडेपाच तास पुढे, वर्षभर तेच. न्यूयॉर्कचं हिवाळ्यात पाच तास मागे आणि उन्हाळ्यात चार. म्हणजे दोघांत हिवाळ्यात साडेदहा तासांचं अंतर आणि उन्हाळ्यात साडेनऊ. अमेरिकेत हा बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो: २०२६ मध्ये ८ मार्च आणि १ नोव्हेंबर. ब्रिटन आणि युरोप मात्र मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं हलवतात. मार्चमधल्या त्या दोन-तीन आठवड्यांत आणि ऑक्टोबरअखेरच्या एका आठवड्यात लंडनवरून न्यूयॉर्कला जाणाऱ्यांनी हिशेब दोनदा करावा.

समजा १० जानेवारीच्या रात्री १:३० ला मुंबईहून निघालात आणि ब्लॉक टाइम १६ तास आहे. सरळ भारतीय वेळेतच मोजत जा: १:३० + १६ = त्याच दिवशी संध्याकाळी ५:३०, पुण्यात. त्यातून साडेदहा तास वजा: सकाळी ७:००, तारीख १०. तिकिटावरचं कोडं सुटलं.

परतीचं: १० जानेवारीला सकाळी ११:३० ला जेएफके सोडलं, ब्लॉक टाइम १४ तास १५ मिनिटं. न्यूयॉर्कच्या घड्याळात मध्यरात्रीनंतरचे १:४५, म्हणजे ११ जानेवारी. त्यात साडेदहा तास मिळवा: मुंबईत ११ तारखेला दुपारी १२:१५. तिकिटावर वेळेशेजारी अधिक एक लिहिलेलं असतं ते याचंच.

उलटा हिशेबही करून पाहता येतो. तिकिटावर फक्त दोन वेळा असतील तर पश्चिमेला जाताना तिकिटावरच्या दोन वेळांमधल्या फरकात दोन्ही गावांच्या घड्याळांतला फरक मिळवा (५:३० + १०:३० = १६ तास), पूर्वेला येताना वजा करा.

‘रात्री १:३०’ बद्दल एक सूचना, साधी वाटली तरी दर हंगामात कुणाचं तरी विमान यावरून चुकतं. १० तारखेला रात्री १:३० म्हणजे ९ तारखेच्या रात्री घरून निघायचं. कॅलेंडरवर ९ तारखेलाच खूण करा.

आणि ज्यांच्या गोळ्या वेळेवर असतात त्यांच्यासाठी: प्रवासात औषधाचा हिशेब खऱ्या तासांवर करायचा, पोहोचलेल्या गावच्या घड्याळावर नाही. हातातलं घड्याळ घर गाठेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवलं तर हे सोपं जातं. इन्शुलिनवाल्यांनी वेळा निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात.

मधे थांबा असेल तर

थांब्याने अंतर खूप वाढतं ही समजूत चुकीची आहे. मुंबई–लंडन ७,२१० किलोमीटर, लंडन–न्यूयॉर्क ५,५४०. मिळून १२,७५०, सरळ वाटेपेक्षा फक्त सव्वादोनशे जास्त. दुबईचं वर पाहिलंच. वेळ जातो तो विमान बदलण्यात: प्रत्येक टप्प्याचं चढणं-उतरणं, रांग, आणि मधला थांबा. एकूण वेळ म्हणजे दोन्ही ब्लॉक टाइम अधिक थांबा. दोन तिकिटं वेगवेगळी काढलेली असतील तर पहिलं विमान उशिरा आल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही, म्हणून थांबा भरपूर ठेवा.

अमेरिकेत पुढे दुसऱ्या शहराला जायचं असेल तर पासपोर्ट तपासणी सहसा पहिल्याच अमेरिकी विमानतळावर होते. बॅगा तिथेच ताब्यात घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. जेएफकेला उतरून रॅलेला जाणाऱ्याने दीड तासाचं जोडविमान घेऊ नये. तीन तास हवेत, आणि सोबतीला वयस्कर मंडळी असतील तर चार.

दारापासून दारापर्यंत

शेवटी विचारलं जातं ते हेच: ‘घरून निघाल्यापासून किती वेळ?’ कोथरूडचं घर आणि न्यू जर्सीतलं एडिसन घ्या. १:३० चं विमान, म्हणजे साडेदहाला विमानतळावर. घाटातली आणि चेंबूरकडची गर्दी धरून पुण्याहून संध्याकाळी सहाला निघावं. भारतीय वेळेने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५:३० ला विमान गेटला लागलं, साडेतेवीस तास झाले. पासपोर्ट तपासणी आणि बॅगा, पावणेदोन तास. जेएफकेहून एडिसन साठ-पासष्ट किलोमीटर, पण सकाळची ऑफिसची वेळ, म्हणजे आणखी पावणेदोन. एकूण सत्तावीस तास.

प्रवासाच्या आधीच्या आठवड्यात फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर आपल्या विमानाचा क्रमांक घालून गेल्या सात दिवसांच्या वेळा पाहून घ्या. तिथे विमान खरं कधी उडालं, कधी उतरलं आणि कुठल्या वाटेने गेलं ते दिसतं. वेळापत्रकात कंपन्या थोडी सूट आधीच ठेवतात, त्यामुळे उशिरा सुटलेलं विमानही पुष्कळदा वेळेवर लागतं. सातपैकी एखादाच दिवस फार वेगळा असेल तर तो सोडा आणि उरलेल्यांच्या मधला आकडा धरा. घ्यायला येणाऱ्याला मात्र उतरण्याची वेळ कळवू नका. त्यात पावणेदोन तास मिळवून बाहेर पडण्याची वेळ सांगा, म्हणजे जेएफकेच्या महागड्या पार्किंगमध्ये त्याला ताटकळत बसावं लागणार नाही.